स्लो सायकल

आठवीत असताना स्लो सायकलच्या शर्यतीत
मी पहिला आलो होतो.
पाय न टेकता, सगळ्यांच्या मागून पोचायचं.
बक्षिसाचा स्टीलचा डबा अजून घरात आहे,
शालन त्यात मेथ्या ठेवते.

ती विद्या पुन्हा कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

शालनला साखर निघाली. जेवणानंतर तीनशे बारा.
माझ्या गुडघ्याची वाटी
उद्यमनगरात लेथपुढं उभं राहून राहून झिजलेली.
डॉक्टर म्हणाले, ह्यांनी पळायचं,
तुम्ही अजिबात पळायचं नाही, सायकल चालवा.
एकाच चिठ्ठीवर दोघांची औषधं.

पहाटे पाच वीस. आर. के. नगर अजून गप्प.
ती पुढं, पंजाबी ड्रेसवर माझा जुना स्वेटर.
मी मागं, तिच्या पावलाच्या वेगानं,
हँडल डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं,
पडू पडू म्हणत न पडणारा.
दूध घालायला निघालेला यळगूडकर रोज ओरडतो,
"नेताजीराव, राखण हाय का पाठलाग?"

आमच्या वाटांना आम्ही नावं ठेवलीत.
पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत, ती पाहुण्यांची,
पाहुणे आले असले की तेवढीच जमते.
मोरेवाडीच्या अंगानं जाते ती उधारीची,
तिच्यावर मगदुमांचं दुकान लागत नाही.
काळ्या कुत्रीची वाट दिवाळीपासून बंद आहे.
पाच पिल्लं झालीत तिला, तिचा हक्क.
आणि एक होती दोन प्लॉटांच्या मधनं,
घाणेरीतनं, एकामागं एक जाण्याएवढी.
तिथं आता पत्रा मारलाय.
शालननं तो पत्रा हातानं ढकलून बघितला,
दाराला कडी आहे का नुसतं लोटलंय
ते बघतात तसा.

मोठी वाट मात्र कधी काढलीच नव्हती.
पाचगाव, आणि पुढं गिरगावचा चढ.
तिचं नावही ठेवलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी
नेहमीच्या कोपऱ्यावर ती वळलीच नाही.
सरळ गेली.
बोलली काही नाही, बूट तेवढे वाजत राहिले.
कडेला उसाच्या दोन ट्रॉल्या,
एकीखाली वाकळ पांघरून झोपलेला ड्रायव्हर.
कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं.
हवेत काकवी, आता दोघांनाही नुसत्या वासापुरती.

चढ लागला.
बिनगिअरच्या सायकलवर मी पेडलवर उभा राहिलो.
गुडघा म्हणाला, बास.
उतरलो.
छत्तीस वर्षांनी पाय टेकला. बाद.

ती पुढं गेली. मग आणखी पुढं.
मग बाभळीपाशी वळण होतं
आणि त्या वळणानं तिला आत घेतलं.

लग्नाला चोवीस वर्षं झाली.
त्यात तिची पाठ मी बघितली ती ह्या चार महिन्यांत.
स्वेटरचा खांद्यावर उसवलेला टाका,
वेणीला बांधलेलं भाजीच्या जुडीचं रबर,
दमली की डावा हात जरा लांब धरते ते.
आता तेही नाही.
रस्ता, मी, आणि चेनची करकर.
हाक मारावीशी वाटली. मारली नाही.
ऐकून ती थांबली असती.

वर मोरीच्या कठड्यावर बसली होती,
बूट काढून, खडा झटकत.
खाली कोल्हापूरचे दिवे
एकेक करून विझायला लागलेले.
"किती वेळ? काय करत होता?"
"पहिला येत होतो," म्हणालो.
तिला काही कळलं नाही. तरी हसली.

उतरताना म्हणाली, कॅरेजवर बसते, डॉक्टरांना सांगू नका.
बसली.
उतार मोठा, मागचा ब्रेक आधीच ढिला,
हळू जायची सगळी विद्या वाऱ्यावर,
आणि खाली, भर रस्त्याला,
मगदुमांनी शटर नुकतंच वर केलेलं.