मुदत

एकतीस वर्षं मी इस्पितळांच्या बाजूने उभी राहिले.
डलूथच्या कोर्टात खिडकीतून सरोवर दिसायचं,
साक्षीदार उत्तर देण्याआधी हमखास तिकडे बघायचे.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायचे :
विचारलं तेवढंच बोला. हो. नाही. आठवत नाही.
माफीचा शब्द घरी बायकोपाशीसुद्धा नको.
आणि जे काही लिहाल ते कर्मणी प्रयोगात.
औषध दिलं गेलं.
ठोके मोजले गेले.
बाळ गेलं.
हे शेवटचं तेवढं कर्तरीच राहायचं,
त्याला दुसरा प्रयोग नाही.

मार्लिस ओबर्ग बेकरीत कामाला होती.
तिच्या बाळाच्या ठोक्यांची कागदी पट्टी, सोळा फूट लांब,
मी ज्युरीसमोर चटईसारखी उलगडली.
मधली अकरा मिनिटं कोरी.
पट्टा सरकला असेल, मी म्हटलं,
आई कुशीवर वळली असेल.
माझं दोन मजली घर
त्या 'असेल'वर उभं आहे.

दावा फेटाळला गेला.
माझ्या दोन्ही हातांत खोकी होती,
म्हणून लिफ्टचं दार तिनेच धरलं.
"कितवा मजला?" तिने विचारलं.

यंदा जानेवारीत डॉक्टर टॉइव्हो रांतांचा फोन आला.
गोठलेल्या तळ्यावर त्यांची मासे धरायची खोपटी आहे,
आत शेगडी, दोन खुर्च्या,
बर्फाला पाडलेलं ताटलीएवढं भोक.
बराच वेळ ते गळाकडे बघत होते.
मग म्हणाले,
"पट्टा सरकला नव्हता. मशीन बंद पडलं होतं, बाई.
नर्सनं दोनदा बोलावलं.
मी पलीकडे सँडविच खात होतो, टर्कीचं.
तिला सांगू का आता?"

माझ्या तोंडून सवयीनं निघालं :
"दाव्याची मुदत कधीच संपली. धोका नाही."

"धोक्याचं विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

शेगडीत लाकूड फुटलं. मी म्हटलं,
आधी लिहून काढा, मला दाखवा.
(हीसुद्धा सवयच.)
परवान्याच्या पाठीमागे
त्यांनी थरथरत्या पेन्सिलीनं लिहिलं :
'त्या रात्री तुमच्याकडे लक्ष दिलं गेलं नाही.'

किती नीट शिकले होते माझ्याकडून!

मी हातमोजा काढला, माझं पेन काढलं.
'गेलं' खोडायचं होतं,
सुरुवातीला 'मी' घालायचा होता,
एक अक्षर, एक वेलांटी.
पेन उमटेना. शाई गोठली होती.

मग ते काखेत धरून बसलो आम्ही,
थोडा वेळ मी,
थोडा वेळ ते.