अळणी

शिबसा नदीच्या बांधावरून चालताना
माझ्या पिशवीत एकच यंत्र असतं.
दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबायचा,
पारा चढताना बघत राहायचं.
मंगळवारी दक्षिणपाडा, बुधवारी घाटाकडची घरं.
या महिन्यात अठरा पोटुशा बायका.
त्यातल्या अकराजणींचा पारा
एकशेचाळीसच्या खाली यायलाच तयार नाही.

मी वहीत लिहिते.
ठीक असेल तर निळ्या शाईने, नसेल तर लाल.
निळं पेन वर्षभर पुरतं.

डॉक्टरांनी छापील कागद दिलेत वाटायला.
त्यावर जेवणाचं ताट, बाजूला मिठाची बरणी,
बरणीवर भलीमोठी फुली.
कोहिनूर कागद उलटासुलटा करते, हसते.
सातवा लागलाय तिला. पावलं अशी सुजलीत
की चपलेचा अंगठा तुटलाय.
'निभादी, महिना झाला, अळणीच रांधतेय.
डाळ तेवढी चाखून सांगा.'

चाखते.
डाळ खारट.
नुसता भात, तोही खारट.
घागर कलती करून ओंजळभर पाणी पिते
आणि कागद घडी घालून पिशवीत ठेवते.

सासू सांगते, तिचं लग्न झालं तेव्हा
या तळ्याचं पाणी शहाळ्यासारखं होतं.
मग एका वादळात बांध फुटला,
समुद्र घरात शिरला, चार महिने ठिय्या देऊन बसला,
गेला तेव्हा सामान इथेच ठेवून गेला.
आंबा वाळला. सुपारी वाळली.
गाईने तळ्याकडे पाठ फिरवली.
गाईला फिरवता येते पाठ.

दर वर्षी ऊन लवकर येतं, तळं लवकर आटतं,
उरलेल्या पाण्यात तेवढंच मीठ.
गोड पाण्याचा ड्रम घेऊन सायकलवाला येतो,
पण मोतालेब दूर विटभट्टीवर,
त्याचे पैसे येतात तेव्हा येतात.

त्या रात्री सासूने मला हाक मारली.
कोहिनूर म्हणत होती, डोकं फुटतंय,
दिव्याभोवती काजवे दिसतायत.
आणि मग तिचे दात घट्ट मिटले,
सगळं अंग ताणलं गेलं
ओल्या दोरखंडासारखं.

होडी चिखलात रुतलेली.
ओहोटी होती.
आम्ही तिला कुशीवर वळवून काठावर बसलो
भरतीची वाट बघत.
ज्या पाण्याने हे केलं
त्याच्याच येण्यासाठी हात जोडून.

इस्पितळात नर्सने शिरेतून औषध सोडलं.
मी बाटलीवरचं नाव वाचलं.
प्रशिक्षणात शिकवलं होतं आम्हाला:
हेही एक मीठच असतं.

मुलगी झाली. एक किलो सातशे.
सासू व्हरांड्यात पान न खाता बसून होती.
'खाल्ल्या मिठाला जागतं माणूस,' ती म्हणाली,
'पण आम्ही हे खाल्लं कुणाचं?'
मला उत्तर येत नव्हतं.
मी तिच्यासाठी चहा आणला.
तिने विचारलं, पाणी कुठलं आहे?

आज मंगळवार. दक्षिणपाडा.
मुलगी उशीएवढीही नाही, पण रडते दणकून.
कोहिनूर ओढणीआड वळते,
बोटाच्या टोकावर एक थेंब घेऊन पुढे करते.
'दीदी, खरं सांगा हं.
हेही खारट झालंय का?'

मी चाखते.
जिभेवर घोळवते, जरा जास्तच वेळ,
कारण विश्वास बसत नाही.
गोड.
एवढ्या खाऱ्यातून गाळून
कुठून आणते ही बाई?

'गोड आहे,' मी म्हणते.
ती लहान मुलीसारखी हसते, दंड पुढे करते.
मी पट्टा गुंडाळते, फुगा दाबते.
पारा चढतो, थांबतो.
एकशेबावन्न.

पोर दूध ओढत असते.
मी पिशवीत हात घालून
लाल पेन शोधत राहते.