हाऊ कोनता गावना शे?

जेमलीबाईने काउंटरवर माळ ठेवली
तेव्हा धडगावची गाडी शहाद्याच्या स्टँडवर
अजून धूर सोडत होती.
भोंगऱ्याला आठ दिवस. एका रुपयाची कडी निखळलेली.
"एवढी लावून दे," म्हणाली, आणि पंख्याखाली सरकली.

वीस रुपये राणीचे,
आणि मधोमध हा एक थोराड,
पंगतीत दोन पाट अडवून बसलेल्या पाहुण्यासारखा.

आपला रुपया एक तोळा. हा सव्वादोन.
दगाजीकाका असते तर आधी फरशीवर वाजवला असता
आणि कान तसाच खाली ठेवून विचारलं असतं:
हाऊ कोनता गावना शे?

त्यांच्याच हाताखाली शिकले मी.
नाण्याला देश विचारू नये, तो तोंडावर लिहिलेला असतो.
साल विचारू नये. गाव विचारावं.
मुंबईचा रुपया कधी ठिपका लपवतो, कधी बारीकसा बी.
कलकत्त्याचा काहीच लपवत नाही,
आणि काहीच नसणं हीसुद्धा खूण,
हे कळायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

डॉलरचंही तसंच.
बाईच्या मुखड्याखाली साल, अठराशे एक्क्याऐंशी.
त्या साली चार गावी पाडला हा.
गरुडाच्या खाली, पानांच्या माळेच्या गाठीशी शोधायचं:
एस असेल तर सॅन फ्रान्सिस्को. पुष्कळ मिळतो.
ओ असेल तर न्यू ऑर्लिन्स, ठसा बहुधा पुसट.
काहीच नाही तर फिलाडेल्फिया,
त्यांचं कलकत्ता.
आणि दोन सी शेजारी शेजारी असले
तर कार्सन सिटी, चांदीच्या खाणींजवळचं लहानसं गाव,
तर भिंग खाली ठेवून आधी पाणी प्यायचं.

मी उलटला. पुस्तकाच्या पानासारखा, सवयीने.
गरुड डोक्यावर उभा.
हा तसा उलटत नाही.
याला वरून खाली उलथायचं, तव्यावरच्या भाकरीसारखं.

तिथंच घोळ झाला.
कुण्या सोनाराने, साठ-सत्तर वर्षांमागे,
बाईच्या डोक्यावर बरोबर मध्ये कडी जोडली
आणि पाठीमागे, गरुडाच्या खाली,
नेमकं गावच डाखात बुडालं.

भिंगातून एक वाक दिसतो.
एसचा असेल. सीचा असेल.
कळकटाचाही असेल.

मी तिला सगळं सांगितलं.
डाख उतरवला तर कळेल,
पण आच लागली की चांदीचा जुना रंग जातो,
आणि घासून लख्ख केलेल्याला शौकीन हात लावत नाहीत.
न काढता विकला तर वजनाचे पैसे.
मुखडा छान आहे, कानावरच्या बटा शाबूत,
गरुडाची छाती मात्र पार सपाट. त्याचे कापतील.

"ती बाजू आत असते," ती म्हणाली.
"सासूची सासू, सासू, मी.
तिघींनी झिजवलीय. त्याचे किती कापतात?"

माझ्या वहीत ते लिहिलेलं आहे.
वही उघडली, आकडा वाचून दाखवला.
ती हसली.
"आमच्यात हा दोन रुपयांत धरतात.
वरचं पाव कुणी मोजत नाही.
लेकींच्या वाटणीत भांडण नको."

मग मी सांगितलेलं काम केलं.
निखळलेला रुपया मुंबईचा निघाला, बी स्वच्छ.
कडी जरा बाजूला घेतली, अक्षर मोकळं राहील अशी.
तिच्या लक्षात आलं नाही. सत्तर रुपये घेतले.

माळ गळ्यात घालून ती दारात थांबली.
"ते गाव कोणतं म्हणालीस? दोन अक्षरांचं?"
"कार्सन सिटी."
"कारसन," तिने म्हणून बघितलं,
डोंगरापलीकडच्या एखाद्या पाड्याचं नाव घ्यावं तसं.
"तिथं चांदी निघते?"
"निघायची."
"आणि आता?"
"आता नाही."
तिने मान हलवली, ओळखीची बातमी ऐकल्यासारखी,
आणि गाडी पकडायला उतरली.