वाळू

या किल्ल्याने एकही लढाई पाहिलेली नाही.
शनिवारी कंदील पेटवता पेटवता हे मी आधीच सांगून टाकते.
तोफांसाठी आलेले हिरमुसतात,
भुतांसाठी आलेले जवळ सरकतात.

चाळीस वर्षं पोरं इथे बसली, कोलंबिया नदीच्या मुखाशी,
समुद्राला डोळे लावून.
शत्रू आला नाही. धुकं आलं.
एका हिवाळ्यात ताप आला, अकरा जणांना घेऊन गेला.
पुढे तोफाही वितळवल्या.
उरले सिमेंटचे गोल खड्डे, त्यांत पावसाचं पाणी
आणि बेडकं.

भुतं तीन.
स्वयंपाकी मध्यरात्री बटाटे सोलतो.
बिगुलवाल्याचा बिगुल फक्त कुत्र्यांना ऐकू येतो.
तिसरा माझा.
म्हणजे मीच रचलेला,
त्या वर्षी तिकिटं खपत नव्हती, छत गळत होतं.

नाव ठेवलं शिपाई हॅस्केल.
हातात कंदील दिला, खिशात न फोडलेलं पत्र.
पण अंग कुठून आणू?
मला एकाच पुरुषाचं अंग ठाऊक.
तेव्हा डावा खांदा जरा खाली दिला,
जाळी ओढून ओढून आर्वोचा झाला होता तसा.
लोकांना तो खांदा आवडतो.
आर्वोची बोट सापडली होती, नोव्हेंबरात, जाळ्यांसकट.
बाकी काही नाही.

मागच्या शनिवारी एक मुलगी, पुढचा दात पडलेली,
माझी बाही ओढून म्हणाली,
तो काका आत येताना दोनदा बूट आपटतो.
आधी डावा.

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.
एकतीस वर्षं आमच्या स्वयंपाकघराच्या दारात
डावा, मग उजवा,
आणि तरी फरशीभर वाळू, आणि माझी कटकट.

आई हसली, म्हणाली, हिला काहीही दिसतं.
मी मासळीचा भाव विचारावा तसं विचारलं,
ओले होते का गं बूट?
मुलीने विचार केला.
नाही. कोरडे.

बस गेली. कंदील मोजले, बारा.
भुताखेतांवर माझा विश्वास नाही.
बुजगावणं बांधणाऱ्याला पाखराची भीती कसली?
तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर वाळू होती.
समुद्रकाठचा किल्ला, वाळू असणारच,
नऊ वर्षं मीच झाडते आहे.

झाडू हातात घेतला
आणि तोंडातून निघून गेलं, सवयीने,
आमच्या फिनिश भाषेत, जी या किनाऱ्यावर
आता जेमतेम चौघांना कळते:
बाहेर झाडून ये रे, किती वेळा सांगायचं!

मग ऐकत उभी राहिले.
खड्ड्यांतली बेडकं थांबली होती.