फट झाकायची पट्टी

यादीत पंधरा खोकी होती, आली चौदा.
टेम्पोवाला म्हणाला, लिहिणारा वेगळा, चढवणारा वेगळा,
आणि सही घेऊन गेला.

गेंदालालजी मिस्त्रींनी नव्वद हजार सांगितले होते,
वर दोन महिने घरभर भुसा.
हे एकतीस हजारांत.
रविवारी सुरू, सोमवारी नव्या ओट्यावर वरण-भात,
असं नीळकंठ म्हणाले.
लग्नाला अकरा आठवडे झाले होते आमच्या.
त्यांचं ऐकायची सवय करून बघत होते मी.

माहितीपत्रकात शब्द नाहीत, नुसती चित्रं.
पहिल्यात एकटा माणूस, तोंड पाडलेला, त्यावर फुली.
शेजारी दोन माणसं, हसतायत.
दोघांनाही केस नाहीत.
"हे तुम्ही," मी म्हटलं.
"आणि दुसरा?" टकलावरून हात फिरवत ते.

तेहतीस वर्षं वीज मंडळात काढलेला माणूस
आधी स्क्रू मोजतो.
पलंगावर चादर, चादरीवर वाट्या,
वाट्यांत लांब, बुटके, चपट्या डोक्याचे,
जसा काही फराळ वाटायचाय घरोघरी.
तोवर मी दोन बाजू उभ्या करून
तिसरी उलटी ठोकली होती.
आतली सगळी भोकं आता
येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघणार.

दारं सहा, त्यांत डावी चार.
तक्रारीच्या नंबरवर एक बाई
माझा फोन किती मोलाचा आहे ते सांगत राहिली,
गॅलरीत स्टुलावर मांडलेल्या शेगडीवर
कुकरच्या पाच शिट्या होईस्तोवर.

वरच्या चौकसेंचा तन्मय भाड्याचं ड्रिल घेऊन आला.
एक डोळा मिटून बघितलं, म्हणाला,
"आंटी, कपाट सीधा है. दीवार ही टेढ़ी है."
घर माझं, भिंत माझी.
लोकमान्य नगरात एकोणतीस वर्षं
मी तिच्यावर कॅलेंडर टांगत आले.

ओटा त्यांच्या कोपराला आला,
माझ्या काखेला.
पाय कापू, म्हणाले.
कुणाचे, मी विचारलं.

बुधवार नळाचा. नर्मदा एक दिवसाआड येते आमच्याकडे,
तिकडून खालून, घाट चढून, पहाटे साडेपाचला.
सिंकखालचा जोड हातानंच आवळला होता,
पाना उद्या आणू सियागंजातून, म्हणून.
सहाला उठले तर खालच्या कपाटात तळं,
आणि फळी चहात विसरलेल्या टोस्टसारखी.
लाकूड कुठलं, दाबलेला भुसाच तो.
गेंदालालजींचा टाळला, आणि पैसे देऊन हा आणला.
नीळकंठ गुडघे टेकून पंचानं टिपत होते.
"नर्मदामाई, जरा दमानं," म्हणाले,
इतकं हळू
की मला ओरडायचं होतं ते राहून गेलं.

तिसऱ्या रविवारी उभं राहिलं एकदाचं.
एक दार नाहीच, तिथे साडीचा पडदा.
शेवटचं कपाट आणि भिंत यांच्यात तीन बोटं फट.
ती झाकायची पट्टी पंधराव्या खोक्यात.
पंधरावं खोकं अजून वाटेत आहे,
असं ती गोड बाई सांगते.

काल पोळ्या करताना लाटणं गडगडत गेलं,
थेट त्या फटीत.
हात घातला तर हाताला लाटणं नाही, लाकडाची गोल कड.
ओढलं. पोळपाट.
माझा नव्हे. जुना, मधे खोलगट,
खाली, भांड्यांवर घालतात तसं, खिळ्यानं नाव:
सौ. वैजयंती.

त्यांनी कधी ठेवला, विचारलं नाही.
बैठकीत पेपर उलटल्याचा आवाज आला,
मग बराच वेळ आलाच नाही.

तीन पायांतला एक झिजलाय.
लाटताना पोळी एका अंगाला पळते.
वाट्यांमधे एक वॉशर उरला होता,
कुठल्याच चित्रात नसलेला.
तो पायाखाली सरकवला.
पहिली पोळी तरी नकाशाच झाली.
त्यांना वाढली.
त्यांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं,
आणि तूप मागितलं.