रात्रपाळीचं ऊन

उद्यमनगरात चाळीस वर्षं पंप उघडले.
उसाच्या पाण्याचे, मळीचे,
एकदा तर तालमीच्या हौदाचा.
पण असला बघितला नव्हता,
अख्ख्या अंगात लोखंडाचा कण नाही.

"लोखंड चालत नाही, मिस्त्री,"
मगदूमांची रोहिणी म्हणाली,
"आत ॲसिड आहे. महिन्यात खाऊन टाकील."
मी बिडाचा माणूस. बिडावर घर बांधलं.
तो प्लॅस्टिकचा इम्पेलर हातात घेतला
तर जत्रेतली भिरभिरी धरल्यागत वाटलं.

वडणग्याच्या दूध संस्थेमागं दोन टाक्या.
छपरावर पॅनेल.
ऊन दुपारी, आणि दूध येतं
पहाटे नाहीतर दिवेलागणीला.
म्हशीला कोण सांगणार,
बाराच्या ठोक्याला पान्हा सोड म्हणून?

म्हणून ऊन ठेवायचं. पाण्यात.

काचेच्या नळीतून दिसतं:
सकाळी हिकडं शेवाळी, तिकडं निळं.
ऊन चढेल तसं शेवाळी जांभळं होत जातं
आणि निळ्याचा होतो भंडारा.
"धातू दोन्हीकडं एकच," ती म्हणाली,
"व्हॅनेडियम. फक्त देण्याघेण्याचा फरक."
मधी पडदा, उडदाच्या पापडाएवढा.
पाणी पाण्यात मिसळत नाही,
व्यवहार मात्र चालू.

मला आमचा पत्रा आठवला.
बापाची एकच जागा, मधी पत्रा ठोकलेला,
पलीकडं हुसेन. बारा वर्षं शब्द नाही.
तरी त्याचं लेथ थांबलं
की माझ्या बशीतला कप वाजायचा थांबतो.
मग मी घड्याळ बघतो.

गळती सीलपाशी होती.
टेफ्लॉनचा बुश पाहिजे, केसाच्या मापाचा.
पुण्यास्नं यायला आठ दिवस.
कोल्हापुरात तसलं कातणारा हात एक,
आणि तो कुणाचा, हे सगळ्या उद्यमनगराला ठाऊक.

सिगारेटच्या पाकिटावर ड्रॉइंग काढलं,
मापं लिहिली, नाव नाही लिहिलं,
पत्र्याच्या फटीतून सरकवलं.
लेथ थांबलं.
बराच वेळ थांबलेलंच.
मग सुरू झालं.

संध्याकाळी फटीत बुश, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

रात्री साडेनऊला लाईट गेली.
सोनतळीपर्यंत अंधार.
दुधाचा काटा चार अंशावर, हलला नाही.
टाकीवर कान ठेवून बसलो,
पाणी चाललेलं, दुपार वाहत होती आतनं.
रोहिणी पोत्यावर झोपली, बूट न काढता.
मी दर तासाला सीलखाली बोट फिरवत होतो.
कोरडं.

पाचला कॅन वाजत आले.
टाक्या परत शेवाळी, परत निळ्या.
संपलं म्हणावं तर पाणी तेवढंच,
थेंब कमी नाही.

बुश जरा घट्ट बसला होता.
हुसेन पहिल्यापास्नं घट्टच ठेवतो.
म्हणायचा, फिरू दे,
फिरता फिरता जागा करतंय.