तीन युनिट

चेंबूरच्या शिधावाटप कार्यालयात, पाच नंबरच्या खिडकीत
दळवीबाई विचारतात,
मुलगी घरी राहते का?
मी म्हटलं, म्हणजे कशी?
त्या म्हणाल्या, कशी-बिशी नाही. हो की नाही.

आम्रपाली सतरा वर्षांची.
जुलैपासून नाशकात, सातपूरला, फिटरचं शिकते.
अकरा महिने, राहणं-खाणं त्यांच्याकडे.
खोलीत सहा पलंग, तिचा दाराजवळचा, वरचा.
हे मीच सांगितलं, कुणी न विचारता,
पेढ्यासारखं.

बालसंगोपनाचं पत्र त्याआधीच आलं होतं:
मूल संस्थेत असल्याने लाभ बंद.
तिचे वडील गेले तेव्हा हाच लाभ चालू व्हायला
एकोणीस महिने लागले होते.
बंद व्हायला एक ओळ.

आता रेशनचं एक युनिट.
ती तिथे जेवते ना, बाई म्हणाल्या,
एका तोंडाला दोनदा कसं द्यायचं?
वाईट मनाने नाही म्हणाल्या.
पंख्याने त्यांचेही कागद उडत होते,
एका हाताने ते दाबून धरले होते.

मानखुर्दला परत येताना हिशोब केला.
पाच किलो धान्य गेलं.
सोसायटीचा मेंटेनन्स तेवढाच.
लोखंडी टोकाचे बूट नवे, गादीची चादर नवी, बादलीसुद्धा नवी,
एस.टी.चं तिकीट अर्धं, पण जाऊन-येऊन अर्धं.
घरातलं माणूस बाहेर गेलं की खर्च उतरतो
असं ज्याने लिहिलं त्याने कधी कुणाला पाठवलं नसावं.
किंवा पाठवलं असेल,
आणि बॅग बायकोने भरली असेल.

देढियाशेठ दुकानात हळूच म्हणाले,
ताई, कशाला बोललात?
सुट्टीला आली की अंगठा लावून घ्या,
केवायसी झाली की युनिट जागेवर.

दुसऱ्या शनिवारी आली.
पिशवीभर कपडे, आणि भूक.
चार भाकऱ्या खाल्ल्या, पाचवी मोडून निर्भयला दिली.
तिच्या जागेवर आता निर्भय पसरतो.
काही न बोलता ओट्याखाली चटई टाकून झोपली,
पाय बाहेर, मोरीपर्यंत.
मी रात्रभर तिला ओलांडून गेले नाही.

सकाळी दुकानात मशीनवर अंगठा ठेवला.
लाल.
ओढणीला पुसून परत. लाल.
डाव्या हाताचा. लाल.
मागची रांग चुळबुळायला लागली.
कानस, ती म्हणाली आणि हसली.
दिवसभर कानस मारते ना, आई,
अर्ध्या मिलीमीटरसाठी दोन-दोन तास.
माप बरोबर आलं की सर काहीच बोलत नाहीत.
तेच शाबास.

माझाही अंगठा गेला होता मागे,
हॉटेलवाल्यांचा लसूण सोलून सोलून.
तेव्हा मी मशीनसमोर रडले होते.
ही हसत होती,
अंगठा उजेडात धरून असा बघत होती
जसं काही घडवलेलं बघतात.

शेठ म्हणाले, महिनाभर हाताला आराम द्या,
रेषा परत येतात.
नको, मी म्हटलं.
कुणाला म्हटलं ते मलाच कळलं नाही.

सोमवारी पाच नंबरची खिडकी.
घरी राहते का, पुढे 'नाही' लिहिलं.
कारण: शिकायला.
ओळीत जागा उरली होती, म्हणून लिहिलं, येऊन-जाऊन असते.
बाई म्हणाल्या, ते नाही चालत इथे.
असू दे, मी म्हटलं.
त्यांनी खोडलं नाही. शिक्का मारला,
शिक्क्याची कड त्या शब्दांवर आली.

बाहेर येऊन फोन लावला.
अकरा वाजले होते.
तिने उचलला नाही, वर्कशॉप चालू असणार.

घरी तांदूळ मापताना
तिसरी वाटी भरली, हात थांबला,
आणि मग टाकलीच.
निर्भय म्हणाला, उद्या फोडणीचा भात ना?